नेण्यास कोणी आले नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कामाच्या नोंदवहीत लिहिलं : 'नवा स्कॅनर बसवला. चाचणीची पाने बारा.' तिथे एवढंच लिहायचं असतं. उरलेलं लिहायला ही वही घेतली. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं नोंदवली, स्वतःचं एक पान लिहिलं नाही. हात वळेल की नाही कोण जाणे.

मॅडमनी मला वरच्या देवघेवीच्या टेबलावरून काढून तळघरात पाठवलं आहे. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपाल. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, पण जिन्यावर त्यांची पावलं वाजली की आम्ही सगळे ताठ बसतो. काम असं : जुनी कागदपत्रं स्कॅन करायची, त्यांच्या नोंदी करायच्या आणि कुणालाही घरबसल्या वाचता येतील अशी ठेवायची. 'डिजिटल भांडार' असं नाव ठरलंय. शिपायाने विचारलं, "भांडार म्हणजे तेल-साबण पण ठेवणार का?" मॅडम सोडून सगळे हसले.

तळघरात मी एकटाच. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे माणसांचे नुसते पाय दिसतात. वर दिवसाला दोनशे माणसं यायची, 'हे आहे का', 'ते आलं का' विचारायची. इथे ती कटकट नाही. आवाज नसला की माणसाचं लक्ष लागतं. घरीही तेच. ही लेकीकडे गेल्यापासून माझं वाचन दुप्पट झालंय.

६ फेब्रुवारी

संगणक विभागातले गृहस्थ आले होते. त्यांना सगळे 'बॅकअप' म्हणतात, कारण भेटल्यावर ते 'कसे आहात' न विचारता 'बॅकअप घेतला का' विचारतात.

"तीन प्रती ठेवायच्या," ते म्हणाले. "एक इथे, एक दुसऱ्या इमारतीत, एक परगावी. एकाच जागी ठेवलेली वस्तू हरवलीच म्हणून समजा."

"आणि इतकं करून कुणी वाचलंच नाही तर?"

"तरी ठेवायचं. जपणं वेगळं, वाचणं वेगळं. आपलं काम जपायचं."

मला पटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दहाला हिचा फोन आला. दर रविवारी येतो. नात अकरा महिन्यांची झाली. आधी ठरलं होतं, लेक कामावर रुजू झाली की ही परत येईल. मग नातीला दात येईपर्यंत. आता चालायला लागेपर्यंत. लहान मूल म्हटलं की असं व्हायचंच.

"अंडी उकडता की बाहेर खाता?" तिने विचारलं.

"उकडतो."

"बरं," ती म्हणाली. "बरं," मी म्हणालो. चार मिनिटं झाली. आमचं पहिल्यापासून असंच आहे, एकमेकांना फार शब्द लागत नाहीत. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, एक मोठं भांडण आठवत नाही.

१४ फेब्रुवारी

टेकडीवरचं जुनं आरोग्यधाम पाडायला काढलंय. छातीच्या रोग्यांसाठी होतं, पन्नासेक वर्षांपूर्वी बंद पडलं. आज तिथल्या ठेकेदाराच्या माणसाने पत्र्याची एक पेटी आमच्या दारात आणून ठेवली. "फेकवेना," म्हणाला, आणि सही न करताच गेला.

पेटीत रुग्णांनी काढलेलं हस्तलिखित आहे. एकेचाळीस अंक! दर दोन-तीन महिन्यांनी एक, पाठीला चिंधीच्या पट्ट्या लावून शिवलेला. कविता, कोडी, डॉक्टरांच्या नकला, खोकल्याचे प्रकार. लेखाखाली कुणाचंही नाव नाही. 'खाट क्र. ४', 'खाट क्र. २९' अशा सह्या. अंकांखाली रुग्णांचं एक जाडजूड रजिस्टर.

मी उभ्या उभ्या तीन अंक वाचले. चहा निवला. 'खाट क्र. १७' फार चांगलं लिहिते. तिचा 'पाहुणे' नावाचा लेख आहे, त्यातलं उतरवून ठेवतो :

'पाहुणे स्टुलाच्या कडेवर बसतात. इतक्या कडेवर, की आजारी कोण आणि पडायच्या बेतात कोण, कळत नाही. दर दोन मिनिटांनी काही हवं का विचारतात. हवं असतं ते एवढंच, की त्यांनी स्टूल जरा पुढे ओढावं.'

हे कुणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं. शिपाई जेवायला गेला होता.

२५ फेब्रुवारी

स्कॅनिंग निम्मं झालं. एक गोष्ट मात्र टोचत होती. प्रत्येक नोंदीत 'कर्ता' नावाचा रकाना असतो आणि माझे सगळे रकाने कोरे. बत्तीस वर्षांत मी कर्त्याविना नोंद सोडलेली नाही. मग रजिस्टर उघडलं. कुठल्या खाटेवर कधीपासून कधीपर्यंत कोण होतं, सगळं त्यात आहे. अंकाची तारीख बघायची, खाट बघायची, नाव मिळतं. आठ दिवसांत त्रेसष्टपैकी अठ्ठावन्न लेखकांची नावं लावली.

सतराने दमवलं. रजिस्टरप्रमाणे ती बाई त्या खाटेवर चौदाच महिने होती. पुढे तिथे एक शिंपी आला. पण सतराची सही पुढच्या अंकांतही येत राहते, अक्षर तेच, आणि शिंपी काही 'मी गेले, मी बसले' लिहिणार नाही. म्हणजे खाट सुटली तरी तिने सही सोडली नाही. हे कोडं सुटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन येरझाऱ्या घातल्या. कर्त्याच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहिलं.

मॅडमना विचारलं, "नावं टाकायला हरकत नाही ना?"

"साठ वर्षांपूर्वीची माणसं," त्या म्हणाल्या. "कोण राहिलंय आता?"

१० मार्च

भांडार सुरू झालं. वर छोटा समारंभ झाला. मी खालीच होतो, कारण ऐन वेळी पडद्यावर काही दिसेना तर कुणीतरी खाली हवं. सगळं नीट दिसलं.

१४ मार्च

चार दिवसांत हस्तलिखिताच्या पानाला सात भेटी. त्यांतल्या पाच माझ्या.

१६ मार्च, रविवार

फोन लेकीने उचलला. ही बाहेर गेली होती. "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "तुम्ही कधी आईला काही विचारत का नाही?"

"काय विचारू? सगळं कळतंच की तुमच्याकडून."

तिने फोन ठेवला. पोरगी नोकरीने दमते. हिचा परत फोन येईल म्हणून दुपारभर घरात थांबलो. विसरली असेल.

२४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बाराच्या सुमारास खिडकीत काळे, नाडीचे बूट थांबले. बराच वेळ हलले नाहीत. मग जिन्यावरून एक बाई खाली आल्या. साठी केव्हाच उलटलेल्या, बारीक अंगाच्या, हातात घडी केलेला कागद.

"भांडार कोण बघतं?"

मला इतका आनंद झाला! दीड महिन्यात तळघरात उतरलेली पहिली वाचक. मी खुर्ची पुसून दिली. त्या बसल्या नाहीत. कागद उलगडून माझ्यापुढे धरला. माझीच नोंद छापलेली : अंक नववा, लेख 'पाहुणे', कर्ता, आणि नाव.

"हे नाव तुम्ही लिहिलंत?"

"हो. रजिस्टरवरून शोधलं. फार मेहनत—"

"ही माझी आई."

मी म्हणालो, "वा!" मी खरंच 'वा' म्हणालो.

"मी तीन वर्षांची असताना माझी आई या आजाराने गेली," त्या म्हणाल्या. "असं मला सांगितलेलं आहे. या अंकावर जी तारीख आहे, त्या दिवशी मी पाच वर्षांची होते. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. वजाबाकी मला येते."

मी कागदावरची तारीख पुन्हा पाहिली.

"माझ्या भाचीने घराण्याची माहिती शोधताना हे नाव संगणकावर टाकलं आणि तुमचं हे पान वर आलं. तिने मला आनंदाने पाठवलं. बघ, तुझी आई लिहायची म्हणून." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली, ती तिरपी पडली. "चौसष्ट वर्षं मला मेलेली आई होती. तिच्याशी माझं बरं चाललं होतं. तुम्ही मला जिवंत असून न आलेली आई दिलीत. काढा ते."

त्या गेल्या. आल्या त्याच चालीने, घाई न करता. मी खिडकीतून बूट जाताना पाहिले.

२५ मार्च

सकाळी पहिलं काम म्हणून नाव काढलं. एक काढलं आणि बाकीच्या सत्तावन्नांकडे बघत बसलो. त्यांनी खाटेचा नंबर लिहिला होता तो काही नाव आठवत नव्हतं म्हणून नव्हे. आपलं नाव घरापर्यंत जाऊ नये म्हणूनच. हे माझ्यासारख्या जन्म नोंदींत घालवलेल्या माणसाला कळू नये? मी रकाना बघितला, माणूस बघितलाच नाही. सगळी नावं काढली.

मॅडम म्हणाल्या, "मग नोंदी अपुऱ्या दिसतील. वाटल्यास सगळे अंकच काढून टाका, तक्रार नको."

"अंक राहू देत," मी म्हणालो. बत्तीस वर्षांत वरिष्ठांना पहिल्यांदाच उलट बोललो असेन. "नावं घरच्यांची परवानगी मिळाली तरच घालू."

बॅकअपना विचारलं, आपण काढलं म्हणजे सगळीकडून गेलं ना? ते म्हणाले, "दळलेल्या पिठाचे गहू होत नसतात हो." मग माझं तोंड बघून, "प्रयत्न करतो," म्हणाले.

रात्री झोप आली नाही हे लिहायचं कारण नाही.

१ एप्रिल

काळे बूट पुन्हा आले. मी उभाच राहिलो.

"नाव काढलंत ते पाहिलं," गणिताच्या बाई म्हणाल्या. या वेळी बसल्या. "आता तिने काय लिहिलंय ते वाचायचंय. पण माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पडद्याकडे बघितलं की पाणी येतं. आणि मूळ कागदावरचं फिकं अक्षर मला लागत नाही."

"मी वाचून दाखवतो," मी म्हणालो. म्हणून गेलो खरा, पण मोठ्याने शेवटचं कधी वाचलं होतं तेच आठवेना. पहिल्या पानाला घसा खरवडला. दुसऱ्यानंतर जमलं.

८ एप्रिल

बाई आता रोज येतात. अकराला येतात, साडेबाराला जातात. तळघरात दुसरी खुर्ची आणवून घेतली. मॅडमना सांगितलं, वाचकांसाठी हवी.

आज दहावा अंक. त्यात सतराने लिहिलंय : 'आज जूनची अठरा. माझी मुलगी आज सहा वर्षांची झाली. तिचे पुढचे दात पडले असतील. दात पडल्यावर मूल कसं हसतं ते मी धाकट्या बहिणीचं पाहिलंय, त्यावरून अंदाज करते.'

"तारीख चुकली तिची," बाई लगेच म्हणाल्या. "माझा वाढदिवस एकोणीसला."

मी पुढे वाचू लागलो. त्यांनी हात वर केला.

"थांबा. एकोणीस ही शाळेत घालताना बाबांनी लिहिलेली." त्या खिडकीतल्या पायांकडे बघत राहिल्या. "बाळंतपण बाबांना झालं नव्हतं."

मी अंक मिटला. जाताना म्हणाल्या, "सदुसष्ट वर्षं मी एक दिवस उशिरा मोठी झाले."

१३ एप्रिल, रविवार

हिचा फोन आला. मी आज तिला आमच्या हस्तलिखिताविषयी सांगणार होतो, पण तिने "अंडी?" विचारलं आणि मी "हो" म्हणालो आणि मग ते राहून गेलं. नात भिंत धरून उभी राहते. तीन मिनिटं.

सोमवारची वाट बघतोय हे लक्षात आलं आणि जरा लाज वाटली.

१७ एप्रिल

वाचन संपल्यावर बाईंनी डब्यातली फळाची फोड माझ्यापुढे केली आणि विचारलं, "घरी कोण असतं?"

"ही आणि मी. म्हणजे सध्या ही लेकीकडे आहे. नात लहान आहे."

"केवढी?"

"तेरा महिन्यांची."

"आणि तुमच्या मिसेस कधीपासून तिथे?"

"नात व्हायच्या एक महिना आधी गेली."

"म्हणजे चौदा महिने." त्यांना हिशेबाला वेळ लागत नाही. "तुम्ही आणायला गेला होतात?"

"ती येईलच की. तिचं तिला कळतं."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना स्वतःचंच इतकं आहे, माझ्या घरची चौकशी त्यांनी माणुसकी म्हणून केली असणार.

२४ एप्रिल

तेविसावा अंक. हा मी स्कॅन केला तेव्हा नीट वाचला नव्हता. वाचला असता तर आज आवाज सांभाळता आला असता.

'मी इथे आले तेव्हा मरणारच होते. डॉक्टर नजर चुकवायचे. म्हणून मीच घरी लिहिलं, पोरीला सांगून टाका की आई गेली. रोज दाराशी बसवू नका तिला. माझं हे एकच म्हणणं घरच्यांनी शब्दशः पाळलं. पुढे मी बरी झाले. पण मेल्याचं मीच कळवलं होतं. आता बरी झाल्याचं कोण ऐकतो?'

"पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या.

वाचलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा वाचताना त्या माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या. मुलं पाढा म्हणतात तसं.

३० एप्रिल

आठवडाभर बाई आल्या नाहीत. आज आल्या त्या भांडायच्या तयारीने.

"मी विचार केला. ती बरी झाली होती. पाय होते. रस्ता होता. घरी का नाही आली?"

मी पेटीतलं रजिस्टर काढलं. नावांसाठी मी त्यातली डावीकडचीच पानं चाळली होती. उजव्या पानावर शेवटी 'शेरा' असतो, डॉक्टरांच्या किरट्या अक्षरात. तो मी स्कॅन केला होता, तीन ठिकाणी सुखरूप ठेवला होता आणि एकदाही वाचला नव्हता. आज वाचला.

'रोगमुक्त. घरी तीन पत्रे पाठविली. नेण्यास कोणी आले नाही. चादरींच्या खोलीत काम दिले.'

बाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं. डोळ्यांना पाणी येत होतं तरी ते अक्षर त्यांनी बोटाने लावलं.

"न्यायला कशाला लागतं कुणी?" त्या म्हणाल्या. "धडधाकट बाई." मग स्वतःच, अगदी हळू, "लागतं. मेलेल्या माणसाने आपणहून दार कसं वाजवायचं?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"तीन पत्रं आली होती घरी," त्या म्हणाल्या. "बाबांनी मला कधी मारलं नाही, हो. माझ्यासाठी नवी आई आणली. चांगली होती. कुणावर रागवू मी?"

संध्याकाळी घरी आलो तर भांडं धुताना तोच शेरा डोक्यात. डॉक्टरांनी किती कमी शब्दांत लिहिलंय.

७ मे

एकेचाळिसावा अंक, शेवटचा. आरोग्यधाम बंद व्हायच्या आठवड्यातला. सतराचा मजकूर चारच ओळी :

'चादरी मोजून दिल्या. चारशे बारा. एकही कमी नाही, एकही फाटकी नाही. मी कुठे जाणार ते मला विचारू नका. ज्यांनी विचारायचं त्यांनी विचारलेलं नाही.'

"पुढे?" बाईंनी विचारलं.

"पुढे काही नाही. रजिस्टरही इथेच संपतं."

"चारशे बारा," बाई म्हणाल्या. जरा वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मी ते पहिल्यांदाच पाहिलं, अभिमानच म्हणायचा. "चोख होती. मला वाटायचं, मला गणित बाबांकडून आलं."

मग त्यांनी परवानगीचा कागद मागितला. नाव परत घालायचं म्हणाल्या, पूर्ण नाव. 'कर्त्याशी नाते' या ठिकाणी 'मुलगी' लिहिलं. शेऱ्याच्या जागी बराच वेळ पेन धरून बसल्या आणि लिहिलं : 'यांची मुलगी हयात आहे.'

"हे पण नोंदीत टाका," म्हणाल्या.

त्यांच्यादेखत टाकलं. पडद्यावर आलेलं मी वाचून दाखवलं. त्या उठल्या.

"मग उद्या अकराला?" मी विचारलं.

"उद्या कशाला?" त्यांना खरंच कळलं नाही. "अंक संपले की."

हो, संपले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आवाज चांगला आहे तुमचा," म्हणाल्या. "वापरत जा."

८ मे

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. खिडकीतून दोनदा काळे बूट गेले, ते त्यांचे नव्हते.

९ मे

शिपायाने विचारलं, "दुसरी खुर्ची वर नेऊ का?" मी म्हणालो, राहू दे.

आज एकशे चार पानं स्कॅन केली. आजवरची सगळ्यांत जास्त. मॅडम खूश आहेत.

११ मे, रविवार

हिचा फोन आला. मी "तू कशी आहेस?" विचारलं. 

"कोण बोलतंय?" तिने विचारलं. थट्टा असेल. मग म्हणाली, "मी बरी आहे." मला पुढचा प्रश्न येईना. तिने फोन ठेवला.

दोन दिवसांची रजा लिहून ठेवली आहे. उद्या मॅडमच्या टेबलावर ठेवीन. कारणाच्या जागी काय लिहावं कळेना. 'घरगुती' लिहिलं.

१३ मे, मंगळवार. लेकीच्या घरी

साडेदहाला पोहोचलो. न कळवता आलो होतो. दाराला कुलूप. पायऱ्यांवर बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण पाहिजे? हिचं नाव सांगितलं आणि म्हणालो, मी त्यांचा नवरा.

"त्यांना नवरा आहे?" त्या म्हणाल्या, आणि ओशाळल्या. "म्हणजे, कधी दिसला नाहीत."

खरंच आहे. नात झाली तेव्हा एकदा आलो होतो, दुपारच्या बसने परतलो होतो.

"त्या पोहायला गेल्यात," शेजारीणबाई म्हणाल्या. "छोटीला नऊला पाळणाघरात सोडलं की जातात. येतील आता."

मला वाटत होतं, नात हिच्याशिवाय राहत नाही.

साडेअकराला ही आली. खांद्यावर पिशवी, केस ओले. केस कापलेत तिने, मानेपर्यंत. मला पाहून जागच्या जागी थांबली.

"काय झालं? कुणाला काही झालं का?"

"नाही."

"मग?"

बसमध्ये पाच तास जुळवलेलं सगळं विसरलो. "तुला न्यायला आलोय," म्हटलं.

तिने कुलूप काढलं नाही. माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"गेल्या उन्हाळ्यात मी वाट पाहिली," ती म्हणाली. "दर रविवारी वाटायचं, आज म्हणतील, ये आता. तुम्ही म्हणायचात, अंडी उकडतो."

"तू विचारायचीस म्हणून."

"हो. मी विचारायचे." तिने पिशवीतला टॉवेल काढून केस पुसले. "मी येत नाही, अहो. राग नाहीये. राग असता तर भांडायला कधीच आले असते. तिथे मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत घड्याळाचा आवाज ऐकू यायचा, तुम्ही घरात असताना सुद्धा."

मी म्हणालो, "मला वाटायचं, आपल्याला शब्द लागत नाहीत."

"तुम्हाला लागत नव्हते."

आत गेल्यावर तिने चहा केला. विचारलं, हल्ली काय काम चाललंय. सवयीने 'स्कॅनिंग' म्हणणार होतो. पण सांगायला लागलो. पेटी, खाटांचे नंबर, काळे बूट, जूनची अठरा, शेरा, चारशे बारा चादरी. दुपारचा दीड वाजला. इतकं मी तिच्याशी एका बैठकीत कधी बोललो नसेन. ती मधेमधे "मग?" म्हणत होती.

"रोज वाचून दाखवायचात त्यांना?" तिने विचारलं.

"अकरा ते साडेबारा."

तिने कप खाली ठेवला. "मला कधी पेपरातली बातमीसुद्धा वाचून दाखवली नाहीत."

मग तीच म्हणाली, "सांगा पुढे. रजिस्टर बघून त्या बाई काय म्हणाल्या?"

१४ मे, बुधवार

सकाळच्या बसने परत निघालो. एकटाच. लेकीने डोळे पुसले. मला वाटलं माझ्यासाठी, पण ती आईला म्हणत होती, "तू बोललीस ना सगळं?"

ही स्टँडपर्यंत आली, नातीला कडेवर घेऊन. नात मला ओळखत नाही. माझा चष्मा ओढून बघितला, आवडला नाही, परत दिला. मला पुन्हा पुन्हा वाटत होतं, ही शेवटच्या क्षणी म्हणेल, थांबा, पिशवी भरते. तिच्या मनात तसं काही नव्हतं. मला ते चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

बस लागली. पायरीवर पाय ठेवून मी विचारलं, "पुढच्या महिन्यात येऊ का?"

तिने नातीचं टोपडं नीट केलं.

"या," म्हणाली. "पण कळवून या. मंगळवारी आणि गुरुवारी माझं पोहणं असतं."

चारला घरी पोहोचलो. खिडक्या उघडल्या. कॅलेंडरचं पान उलटून पुढच्या महिन्याचे मंगळवार आणि गुरुवार पेन्सिलीने खोडले. उरलेले दिवस मोजले. बरेच आहेत.